४१७ दोनदा पडला: जॉबवर क्रमांक कोरण्याचं एक प्रकरण

मालकांच्या मोबाइलवर पुण्याहून फोटो आला तेव्हा आम्ही डबे उघडून बसलो होतो. फोटोत दोन बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची बिडाची घरं, शेजारी शेजारी ठेवलेली. दोन्ही आमचीच. दोन्हींच्या पॅडवर, म्हणजे क्रमांकासाठीच्या सपाट जागेवर, स्वच्छ, सरळ, एकसारख्या खोलीचे सहा आकडे: ०००४१७. फोटोखाली ग्राहकाच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी एकच ओळ लिहिली होती, "यातलं खरं कुठलं?"

मशीनवर हे क्रमांक कोरणारा प्रोग्राम माझा होता. दोन जॉबवर, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या दोन नगांवर, एकच क्रमांक कधी येऊ नये, एवढ्यासाठी तो लिहिला होता, आणि नेमकं तेच घडलं होतं. जेवण तसंच राहिलं.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशी कामं आता आमच्यासारख्या कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या शॉपकडेही येतात. आकडे कोरायचा मॅक्रो (हिशेब करू शकणारा मशीनचा प्रोग्राम) कुणीही दोन दिवसांत लिहील. क्रमांक नेमका कोणत्या क्षणी पुढे सरकायला हवा, हा प्रश्न मात्र मीही पहिल्यांदा नीट विचारलाच नव्हता.

काम काय होतं

हाउसिंग बिडाचं. कास्टिंग कोल्हापूरहून, शिरोलीच्या फाउंड्रीतून यायचं. आमच्याकडे व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकी मिलिंग मशीनवर) तळ, भोकं आणि मधलं ६२ मिलिमीटरचं मोठं भोक, म्हणजे बोअर. त्यात ६२०६ बेअरिंग बसतं. बोअरला एच७, म्हणजे शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) एवढी सूट. लॉट सहाशेचा. प्रत्येक हाउसिंगवर क्रमांक हवा आणि त्या क्रमांकासमोर कास्टिंगचा हीट नंबर (ते कोणत्या वितळीतून ओतलं त्याचा क्रमांक) आणि बोअरचं माप लिहून पाठवायचं, अशी ग्राहकाची अट होती. उद्या एखाद्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग सैल झालं तर हे हाउसिंग कोणत्या हीटचं, कोणत्या मापाचं, आणि त्याच्या जोडीची बाकीची कुठे गेली, हे त्या क्रमांकावरून शोधायचं असतं.

आधीच्या लॉटला आम्ही पंच मारायचो. आमच्याकडचे मामा हे काम करायचे. पंचाची पेटी, हातोडी, खाली पक्की बैठक. मामांचा हात इतका बसलेला की ओळ वाकडी जायची नाही. पण पॅड बोअरच्या अगदी शेजारी, मधली भिंत जेमतेम सात मिलिमीटरची. पंच मारून झाल्यावर बोअर गेज फिरवलं की त्या बाजूला सुई चार-पाच मायक्रॉन हलायची. वरच्या मर्यादेजवळचा बोअर असेल तर तेवढ्याने जॉब बाद. बोअरच्या आधी पंच मारावा, तर बोअरमध्ये रिजेक्ट झालेल्या जॉबचे क्रमांक फुकट जायचे. शेवटी ग्राहकानेच सांगितलं, मशीनवर कोरून द्या.

आकडा कोरायचा म्हणजे

मशीनला फॅनक कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, आहे. मॅक्रोचा ऑप्शन चालू आहे का हे आधी एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ टाकून चालवायच्या मोडमध्ये) #५०० या व्हेरिएबलला, म्हणजे आकडा साठवायच्या जागेला, एक किंमत देऊन पाहिलं. आकडा बसला, अलार्म आला नाही.

आता क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये आहे, समजा ४१७. मशीनला '४१७' कोरता येत नाही. तिला ० ते ९ यांतला एकेक आकडाच कोरता येतो. म्हणून क्रमांकाचे सहा तुकडे पाडायचे. मी सुरुवातीला हुशारी केली: क्रमांकाला एक लाखाने भागायचं, फिक्सने (अपूर्णांक तोडणाऱ्या आज्ञेने) पूर्णांक काढायचा, उरलेल्या अपूर्णांकाला दहाने गुणायचं, पुन्हा फिक्स, असं सहा वेळा. कागदावर हे बरोबर आहे. कंट्रोलमध्ये नाही. गुणाकार करत करत जिथे नेमके सात यायला हवेत तिथे सातापेक्षा केसभर कमी काहीतरी साठतं, स्क्रीनवर ते सातच दिसतं, पण फिक्स पुढचं सगळं तोडून टाकतं आणि हातात सहा येतो. हवेत चालवून पाहताना हे सापडलं म्हणून बरं. मग अपूर्णांकाच्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं. एक लाखाने भागून पूर्णांक घ्यायचा, तेवढे लाख मूळ क्रमांकातून वजा करायचे, बाकी पुढे न्यायची. वजाबाकी पूर्ण संख्यांचीच राहते.

त्यावर आणखी एक पहारा ठेवला. शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तसा. सहा तुकडे पडले की त्यांची पुन्हा संख्या बनवायची आणि #५०० शी, म्हणजे साठवलेल्या क्रमांकाशी, पडताळायची. जुळली नाही तर #३००० ने अलार्म देऊन मशीन जागेवर थांबवायचं, टूल जॉबला लागायच्या आधी. त्या दोन ओळी आजही तिथे आहेत. ताळा एकदाही चुकलेला नाही, पण मी त्या काढणार नाही.

दहा आकड्यांचे दहा छोटे प्रोग्राम, ओ८१०० पासून ओ८१०९ पर्यंत. तुकडा हातात आला की ८१०० मध्ये तो मिळवायचा आणि एम९८ ने तो प्रोग्राम बोलवायचा. सात असेल तर ८१०७. अनेक 'जर-तर' लिहावे लागत नाहीत. इथे एक सांगून ठेवतो: एम९८ ने बोलावलेला प्रोग्राम बोलावणाऱ्याचेच लोकल व्हेरिएबल (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) वापरतो, जी६५ ने बोलावला तर त्याला स्वतःचे वेगळे मिळतात. माझ्या आठच्या प्रोग्राममध्ये त्रिज्येसाठी #४ घेतला होता आणि मुख्य प्रोग्रामात #४ मध्ये चौथा तुकडा होता. चौथ्याच्या आधी कुठे आठ आला की चौथा आकडा बिघडायचा, बाकी सगळं ठीक. पूर्ण एक संध्याकाळ त्यात गेली.

आकड्याची उंची ४ मिलिमीटर, रुंदी २.४, एका आकड्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत ३.४. सहा आकडे मिळून १९.४ मिलिमीटर. प्रत्येक आकडा त्याच्या चौकटीच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यातून निघतो आणि तिथेच परत येतो. आतल्या सगळ्या हालचाली जी९१ मध्ये (मागच्या बिंदूपासून मोजून), म्हणून त्या आकड्यातल्या सगळ्या एक्सची बेरीज शून्य आणि वायची बेरीज शून्य यायलाच हवी. हाही एक ताळाच. पाचाच्या पोटात माझ्याकडून ०.०५ राहून गेले होते, तर पाच आला की त्याच्यानंतरची ओळ किंचित वर चढायची. आता प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर मी जी९० ने (ठरलेल्या शून्यापासून मोजून) जातो. एखादा आकडा चुकला तरी चूक त्याच्यापुरतीच राहते.

कटर ६० अंशाचा, टोकाला ०.२ चा सपाट भाग. खोली ०.२ ठेवली की रेघ वर साधारण ०.४३ रुंद येते. खोलीत दहा शतांशाचा फरक पडला की रुंदी ०.१२ ने बदलते आणि तो फरक नुसत्या डोळ्याला दिसतो. म्हणून कास्टिंगच्या कच्च्या पृष्ठभागावर कोरायचं नाही. त्याच सेटिंगमध्ये आधी पॅड मिल करायचं आणि मग कोरायचं. पॅडला आम्ही अर्धा मिलिमीटर जास्तीचा मटेरियल मागून घेतला, तो पुढे फार कामाला आला. स्पिंडल मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. एवढ्या बारीक टोकाला ६००० म्हणजेही मिनिटाला फक्त आठ मीटर, एरवी बिडात कार्बाइड आम्ही ऐंशी-शंभरने चालवतो. त्यामुळे स्पिंडल जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा आणि फीड (कटर सरकायचा वेग) मिनिटाला १८० मिलिमीटरच्या वर न्यायचा नाही. खाली उतरताना तर ५० च, कारण टोकाच्या मध्यावर वेग जवळपास शून्य असतो आणि टोक तिथेच तुटतं. सगळा क्रमांक अर्ध्या मिनिटात होतो.

क्रमांकाखाली एक आडवी रेघही मारतो. जॉबवर आकडे इंग्रजी असतात आणि इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. ००१९६१ उलटं धरून वाचा, १९६१०० होतं. रेघ ज्या बाजूला ती खालची बाजू.

वळवाचा पाऊस

पहिली चूक लवकर कळली, ती थोडक्यात सांगतो. चाचणीच्या वेळी मी क्रमांक #१०० मध्ये ठेवला होता. मे महिना, दुपारी चारला ढग भरून आले, वळवाचा पाऊस आणि वीज गेली. वीज आल्यावर मशीन चालू केलं, तर #१०० रिकामा. #१०० ते #१९९ वीज गेली की पुसले जातात, #५०० पासूनचे राहतात, हे मला ठाऊक होतं. चाचणीच आहे म्हणून लक्ष दिलं नव्हतं. रिकाम्या व्हेरिएबलमध्ये एक मिळवला की उत्तर एकच येतं, अलार्म येत नाही, आणि मशीन खुशाल ०००००१ च्या रांगेने पुन्हा सुरुवात करतं. खरा लॉट सुरू व्हायच्या आत क्रमांक #५०० वर नेला आणि क्रमांक एकपेक्षा कमी किंवा ९९९९९९ पेक्षा जास्त असेल तर अलार्म, ही ओळ घातली.

एवढं केल्यावर मला वाटलं, झालं.

वहीत काय सापडलं

फोटो आल्यावर मी पहिल्यांदा इन्स्पेक्शनची वही काढली. मला अपेक्षा होती की ४१७ दोनदा लिहिलेला असेल. नव्हता. ४१५, ४१६, ४१७, ४१८, ४१९, एकही खाडाखोड नाही. जॉबवर ४१७ दोन, वहीत एक. मग वहीतला ४१८ कुठला?

अक्षर नीट पाहिलं तेव्हा कळलं. त्या पानावर क्रमांकाचा रकाना एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेला होता आणि मापं दुसऱ्या पेनाने. इन्स्पेक्शनचा मुलगा सकाळी आल्यावर पानभर क्रमांक आधीच लिहून ठेवायचा, मग ट्रेमधून जॉब उचलायचा, बोअर मोजायचा, पुढच्या ओळीत माप लिहायचा. जॉबवरचा क्रमांक तो वाचतच नव्हता. कामचुकार मुलगा नाही तो. त्याला वेळ वाचवायचा होता, आणि इतके दिवस वाचूनही तोच आकडा येत होता.

म्हणजे दुसरा ४१७ वहीत ४१८ म्हणून गेला. त्याच्या पुढचा जॉब, ज्यावर ४१८ कोरलेला, तो वहीत ४१९. तिथून पुढे प्रत्येक नोंद एकाने सरकलेली. हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. आम्ही एक जॉब चुकवला नव्हता, ग्राहकाला पाठवलेली अख्खी यादी चुकवली होती. वहीप्रमाणे ४८० पर्यंतचा माल गेलेला, ५३८ पर्यंत मोजलेला माल आमच्या रॅकवर.

अंदाजावर काही कळवायचं नाही असं मालकांनी सांगितलं आणि ते योग्यच होतं. रॅकवरच्या ५८ जॉबचे बोअर आम्ही पुन्हा मोजले, या वेळी जॉबवरचा आकडा मोठ्याने वाचून. मी मोजायचो, मामा वाचायचे. जॉबवर ५२०, माप ६२.०१४. वहीत ५२० समोर ६२.०२२, ५२१ समोर ६२.०१४. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तसेच. एक-दोन मायक्रॉनच्या आत जुळत गेले. हीट नंबरही जुळले. सगळी सरक एकाचीच होती आणि ती ४१७ लाच सुरू झाली होती. ट्रेमध्ये जॉब मशीनवरून उतरतील त्याच क्रमाने ठेवायची शिस्त मामांनी लावलेली, ती नसती तर ही गुंतागुंत सुटलीच नसती.

४१७ च्या वेळी काय झालं

त्या दिवशी दुसऱ्या पाळीला आयटीआय करून आलेला एक मुलगा मशीनवर होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. आधी म्हणाला, काही आठवत नाही. मी म्हटलं, तुझी चूक शोधत नाहीये, माझ्या प्रोग्रामची शोधतोय, सायकलच्या शेवटी तू काय करतोस तेवढं करून दाखव. त्याने जॉब लावला, सायकल स्टार्ट दिला. कोरून झालं, कटर वर गेला, टूल बदललं, टेबल पुढे यायला लागलं. तेवढ्यात त्याचा हात रिसेटवर, म्हणजे प्रोग्राम तिथेच तोडणाऱ्या बटणावर, गेला.

"काम झालेलंच असतंय की, सर. टेबल निम्म्यात आलं तरी जॉब काढता येतोय. शेवटाला कूलंट बंद व्हायला आन टेबल यायला वेळ जातोय, म्हणून कवातरी रिसेट मारतो."

माझ्या प्रोग्रामात #५०० मध्ये एक मिळवायची ओळ अगदी शेवटी होती, एम३० या प्रोग्राम संपवणाऱ्या ओळीच्या वर. जॉब पूर्ण झाला की क्रमांक वाढवायचा, मला हे इतकं सरळ वाटलं होतं. पण क्रमांक धातूत उतरतो तिथून ती ओळ दहा-बारा सेकंद लांब होती. त्या दहा-बारा सेकंदांत रिसेट आला की ४१७ कोरलेला आहे आणि कंट्रोलच्या मते अजून कोरायचा आहे.

त्या मुलाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मशीनवर उभा राहणारा माणूस सेकंद वाचवणारच, किती जॉब झाले हे त्याला रोज विचारलं जातं. रिसेट दाबल्याने क्रमांक बिघडतो ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती, आणि सांगूनही भागणार नव्हतं. जिथे विसरलं तर नुकसान आहे, तिथे आठवण ठेवायचं काम माणसावर टाकणं हीच मांडणीतली खोट.

मग ओळ कुठे हवी

माझी पहिली प्रतिक्रिया होती, सुरुवातीला घालू. कोरायच्या आधीच एक वाढवायचा, मग कितीही रिसेट मारा. दोन तास तेच बरोबर वाटलं. मग मामांनी विचारलं, "आन मधीच टोक तुटलं तर रं?"

टोक तुटलं तर जॉबवर ०००५३ पर्यंत कोरलेलं असेल, टूल बदलून ऑपरेटर पुन्हा सुरू करेल, क्रमांक पुढचा आलेला असेल, आणि अर्धवट ५३९ वर ५४० चढेल. तिनावर चार. कुणालाच वाचता येणार नाही.

म्हणजे ओळ मधोमध हवी: शेवटचा आकडा कोरून कटर वर आला की लगेच, टूल बदलायच्या आधी. तसं केलं आणि मॅक्रोचं पान उघडून मशीनसमोर उभा राहिलो. चाचणीच्या तुकड्यावर ०००५३८ चालू होता. शेवटचा आठ. कटरने वरचं वर्तुळ पुरं केलं, खालच्या वर्तुळात शिरला, अजून पाव वर्तुळ बाकी होतं, बिडाची काळी भुकटी कटरभोवती उडत होती, आणि स्क्रीनवर #५०० चा आकडा ५३९ झाला. कटर अजून धातूत होता.

कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो. हालचालीच्या ओळी रांगेत थांबतात, पण मॅक्रोच्या ओळी वाचल्या वाचल्या अमलात येतात. आमच्या मशीनवर पुढचे बरेच ब्लॉक (प्रोग्रामच्या ओळी) आधी वाचायचं फंक्शन चालू आहे, त्यामुळे हा फरक डोळ्यांनी दिसण्याइतका मोठा. त्या पाव वर्तुळात वीज गेली असती तर आठ अर्धवट राहिला असता आणि क्रमांक पुढे गेला असता.

यावर उपाय कंट्रोलमध्येच आहे. जी५३ (मशीनच्या स्वतःच्या शून्यापासून मोजून जायची आज्ञा) च्या ब्लॉकपाशी आधी वाचणं थांबतं. म्हणून आता कटर जी५३ ने झेडच्या वरच्या टोकाला जातो, तिथे पोचल्यावरच पुढची ओळ वाचली जाते, आणि ती ओळ क्रमांक वाढवायची. पुन्हा स्क्रीनसमोर उभा राहिलो. कटर वर, थांबला, मग ५३९.

तरीही एक फट उरते. कोरताना मध्येच वीज गेली किंवा रिसेट झाला तर पुढच्या वेळी मशीनला कसं कळणार की अर्धं काम झालंय? त्यासाठी #५०१ ही खूण ठेवली. पहिल्या आकड्याला उतरायच्या आधी #५०१ ला एक. क्रमांक वाढवून झाला की शून्य. कोरायच्या प्रोग्रामची पहिलीच ओळ #५०१ बघते. एक असेल तर #३००६ ने मशीन थांबतं आणि स्क्रीनवर संदेश येतो: जॉब बघा. मुख्य प्रोग्रामातून कोरायच्या प्रोग्रामकडे गेलं की ही ओळ आधी लागतेच.

संदेश आल्यावर काय करायचं, ते आम्ही मराठीत लिहून मशीनच्या दाराला चिकटवलं. जॉब फिक्स्चरमधून (त्याला धरणाऱ्या पकडीतून) हललेला नाही आणि क्रमांक अर्धवट आहे, तर टूल तपासून सायकल स्टार्ट. तोच क्रमांक त्याच जागी पुन्हा फिरतो. क्रमांक पूर्ण दिसतोय, तर #५०० एकाने पुढे, #५०१ शून्य, आणि पुढचा जॉब. जॉब काढला गेलाय किंवा जरा जरी शंका आहे, तर तो क्रमांक कायमचा रद्द, वहीत कारण लिहायचं, पॅड ०.३ खाली मिल करायचं आणि पुढचा क्रमांक टाकायचा. पॅडला मागून घेतलेला अर्धा मिलिमीटर इथे उपयोगी पडतो.

क्रमांक कायमचा रद्द करण्यावर आमच्यात बराच वाद झाला. मालकांचं म्हणणं, मध्ये क्रमांक गाळलेला दिसला तर ग्राहक विचारणार, एक जॉब कुठे गेला. विचारू दे. गाळलेल्या क्रमांकाचं उत्तर वहीत एका ओळीत मिळतं. दोनदा पडलेल्या क्रमांकाचं उत्तर शोधायला आम्हाला ५८ बोअर मोजावे लागले. ग्राहकालाही हे पटलं, आणि रद्द क्रमांकांची यादी आता प्रत्येक चलनासोबत जाते.

रीवर्कसाठी ब्लॉक स्किपचा स्विच ठेवलाय. बोअर पुन्हा मारायला आलेल्या जॉबवर आधीचा क्रमांक असतोच, तेव्हा स्विच चालू करून कोरण्याचा भाग गाळायचा. आकड्यांचे प्रोग्राम ८१०० च्या घरात असल्यामुळे पॅरामीटर ३२०२ ने त्यांना कुलूप लावता आलं. कुणी चुकून एडिट करू शकत नाही.

मिरजेत हास कंपनीच्या मशीनवर काम करणारा माझा मित्र हे ऐकून म्हणाला की त्यांच्याकडे जी४७ या कोरण्याच्या आज्ञेला पी१ लावला की क्रमांक आपोआप वाढत जातो, एवढा खटाटोप कशाला. सोय उत्तमच आहे, आकड्यांचे आकार, तुकडे, काहीच लिहावं लागत नाही. पण मी त्याला विचारलं, कोरताना मध्येच रिसेट मारला तर तुझा पुढचा क्रमांक कोणता येतो? त्याने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भंगारातल्या तुकड्यावर तो हेच करून बघत होता.

ग्राहकाला काय कळवलं

सगळं. दोन ४१७ पैकी ज्याचा बोअर ६२.०१२ तो पहिला, ज्याचा ६२.०२१ तो दुसरा. दोघांचे हीट नंबरही वेगळे निघाले, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. त्यांच्या लेखी परवानगीने दुसऱ्यावर तिथेच इलेक्ट्रिक पेनने पुढे ए कोरला. ४१८ पासूनच्या नोंदींची दुरुस्त यादी पाठवली, जुनी यादी रद्द असं स्पष्ट लिहून. त्यांनी पहिल्यांदा कडक पत्र पाठवलं, ते पाठवायलाच हवं होतं. दुरुस्त यादीतले दहा जॉब त्यांनी स्वतः मोजून पाहिले आणि मग पुढचा माल घेतला.

वहीचा क्रमांकाचा रकाना आता कोराच असतो. इन्स्पेक्शनचा मुलगा जॉब उचलतो, रेघ खाली धरतो, क्रमांक वाचतो, लिहितो, मग गेज घालतो. पाळी बदलताना नवा ऑपरेटर शेवटचा जॉब हातात घेऊन स्क्रीनवरचा #५०० बघतो. स्क्रीनवर एक जास्त हवा. याला अर्धं मिनिटही लागत नाही.

पुढच्या लॉटला, जूनच्या सुरुवातीला, रात्री सव्वा अकराला मला फोन आला. तोच मुलगा, ज्याने रिसेट मारला होता. वीज जाऊन आली होती, स्क्रीनवर 'जॉब बघा' आलं होतं.

"सर, अकराशे त्रेसष्ट चालू हुता. सहा झालाय, तीन निम्माच हाय. जॉब हलवलेला न्हाई, हात बी लावला न्हाई. टोक भिंगातनं बघितलं, चांगलं हाय."

मी म्हटलं, मग तू कशाला थांबलास, कागदावर लिहिलंय तसं कर.

"करतोच, पर करायच्या आधी सांगितलेलं बरं."

सकाळी तो जॉब पाहिला. ००११६३. तिनाच्या मध्यावर जिथे कटर थांबला होता, तिथे बारीकसा ठिपका होता. नखाने चाचपला तरच लागत होता.